बेकरीवाल्याची सहाशेपन्नास

प्रिय दादा,

हे पत्र वाचताना फोन हातात घेऊ नकोस. तुझी फोनवरची सवय मला पाठ आहे. जरा अवघड विषय निघाला की तुझं दूध उतू जातं, नाहीतर दारावर कुणीतरी येतं. पत्राचं तसं होत नाही. ते अर्धवट टाकून गेलास तरी परत आल्यावर तिथंच पडलेलं असेल.

मी बरी आहे. लॅबमध्ये काम भरपूर आहे. सध्या एका गवयाची कवळी माझ्याकडे आहे आणि ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते म्हणून तो तिसऱ्यांदा परत आलाय. मला वाटतं, दोष कवळीचा नाही, त्याच्या ‘स’चाच आहे. तू म्हणशील, हिला सगळ्या जगावर संशय. असेना. दिवसभर खोटे दात खऱ्यासारखे करणाऱ्या माणसाला खरं-खोटं चटकन कळतं आणि त्याचा त्रास घरच्यांनाच जास्त होतो. तू मला लहानपणी फौजदार म्हणायचास ते काही उगाच नव्हे.

तर गाडीचं सांगते. माझी शेळी तुला माहीत आहे. सव्वाशे सीसीची, शिकताना घेतलेली. अडीच वर्षं तिनं मला इमानेइतबारे वाहिलं. पण हमरस्त्यावर मागून मालट्रक आला की तिचा जीव कासावीस होतो आणि माझाही. चढावर तर तिला गोंजारून न्यावं लागतं. ती पहिल्यांदा घरी घेऊन आले होते तो दिवस मी विसरलेले नाही. आई तोंडाला पदर लावून उभी होती. तू एकदाच खिडकीतून बघितलंस आणि खिडकी लावून घेतलीस. संध्याकाळी मी परत निघाले तेव्हा सैल असलेली चेन घट्ट झालेली होती आणि मागच्या चाकाच्या नटावर एक जांभळा ठिपका होता.  

त्या ठिपक्यांवर माझं अख्खं बालपण गेलंय. लिफ्टच्या कामाला लागलास आणि पहिल्याच महिन्यात आईची जांभळ्या नेलपॉलिशची बाटली लंपास केलीस. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर ठिपका, अर्धा नटावर आणि अर्धा पत्र्यावर, म्हणजे नट जरा जरी फिरला तरी ठिपका तुटलेला दिसतो. लिफ्टमध्ये माणसांचे जीव लोंबकळतात, तिथं ते बरोबर होतं. पण तू पंख्यावर ठिपका दिलास, कुकरच्या दांडीवर दिलास, माझ्या चष्म्याच्या स्क्रूवरसुद्धा दिलास. वर्गातल्या मुली विचारायच्या, तुझ्या चष्म्याला गोवर आलाय का.

मोठी गाडी घ्यायची ठरवल्यावर मी तीन शोरूम पालथ्या घातल्या. पहिल्या विक्रेत्यानं मला आधी स्कूटर दाखवली. दुसऱ्यानं सहाशे सीसीच्या, चार सिलिंडरच्या गाडीवर बसवलं आणि आरशात बघा मॅडम, किती शोभताय म्हणाला. मी आरशात त्याच्याकडेच बघत होते. ती गाडी खालच्या वेगात झोपलेली असते आणि सुई पार वर गेली की एकदम पिसाळते, हे त्यानं सांगितलं नाही. हँडल इतकं खाली की अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. त्याला विचारलं तर म्हणाला, सवय होते. अंगठा चावणाऱ्या बुटांबद्दलही दुकानदार हेच सांगतात. तिसरीकडची चारशेची, एका सिलिंडरची, मला खरं तर आवडली होती. हलकी, गुणी, पाय पुरतात. पण अर्ध्या तासानं उतरले तेव्हा बोटांना मुंग्या आलेल्या आणि माझं पोट बोटांवर आहे. उरली सहाशेपन्नासची, दोन सिलिंडरची. ती खालच्या वेगातही मुकाट चालते आणि वर गेली तरी डोकं फिरू देत नाही. शेळीवरून उतरलेल्या माणसानं जास्तीत जास्त इतकीच उडी मारावी असं मला वाटलं. पण नवीची किंमत ऐकून मी गप बाहेर आले.

हे सगळं तुला फोनवर सांगताना मी तुझं दूध उतू जायची वाट बघत होते. सात वर्षं आपल्या घरात मोटरसायकल हा शब्द निघाला की तू उठून जातोस. आणि त्या दिवशी तू म्हणालास, “सहाशेपन्नास घे. जुनी चालेल, मिळाली तर.” वर ओळखीचा एक बेकरीवाला आहे, त्याच्याकडे एक पडून आहे, हेही सांगितलंस. मागून आई म्हणाली, हिला सीटची उंची पुरेल ना रे? आई! जिनं माझ्या शेळीला कधी गाडी म्हटलं नाही, मरणाचं तिकीट म्हटलं, ती सीटची उंची विचारते. मी फोन ठेवला आणि स्वतःशी म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

बेकरीवाल्याकडे गेले. त्याला आधीच बजावलं होतं की मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, कारण गरम इंजिन आपले रोग लपवतं. हात लावून बघितलं, थंडगार होतं. तिथं गडी खरा उतरला. बाकी सगळं खोटं. गाडी सात-आठ वर्षांची आणि चाललेली जेमतेम चार हजार किलोमीटर. टायर यंदाचे. रंग करडा, पण सीट उचलली तर आत एका कोपऱ्यात लाल. नंबरप्लेट कुठाय विचारलं तर रंगवायला दिलीय म्हणाला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण किल्लीनं उघडतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो हँडलच्या नि सीटच्या मध्ये मावणारा माणूसच नाही दादा, पोट आधी पोचतं. का विकताय विचारलं तर पाठ दुखते म्हणाला. आणि किंमत अशी सांगितली की चोरीचा माल असल्याशिवाय कुणी सांगणार नाही.

मग त्यानंच मला प्रश्न विचारले. हातमोजे घालता का? पावसात चालवता का? पुढचा ब्रेक एकदम दाबता की हळूहळू? विचारताना तो पिठाच्या हातानं खिशातला कागद चाचपत होता आणि तिसरा प्रश्न त्यानं चक्क कागद काढून वाचला. मी आजवर असा विकणारा पाहिला नाही, ज्याला पैशांपेक्षा गिऱ्हाइकाच्या हातमोज्यांची काळजी. चोर म्हणावं तर फारच माया लावणारा चोर. मी विचार करून सांगते म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेले. म्हातारा आहे, कमी बोलतो आणि गाड्यांवर माझ्याहून जास्त संशय घेतो.

त्यानं दोरी लावून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघितलं. पुढचे शॉकअप बघितले, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, बॅटरी मारून सांगाड्याचा इंच न् इंच तपासला. मी म्हटलं, धडकलेली आहे ना? म्हणाला, उजव्या बाजूला मागं मार बसलाय, फूटरेस्टची पट्टी नि इंजिनचं झाकण बदललंय. मग डाव्या बाजूला वाकून तो बराच वेळ बघत राहिला. मला बोट लावून दाखवलं. पाय ठेवायच्या दांडीच्या टोकाला एक खोल खळगा होता, बोराएवढा. बस, तेवढाच.

“वेगात पडलेली गाडी घासत जाते,” तो म्हणाला, “हात-हातभर ओरखडे येतात. हिला एकही नाही. ही उभी होती. उभी असताना कुणीतरी येऊन ठोकलंय आणि ही जागच्या जागी आडवी झालीय.”

मला तेव्हा त्याचं विशेष काही वाटलं नाही. चला, सांगाडा सरळ आहे एवढं कळलं. मी पुढच्या ब्रेकचे बोल्ट घट्ट आहेत का बघायला गुडघ्यावर बसले. दोन बोल्ट आणि दोन्हींवर ठिपका. अर्धा बोल्टवर, अर्धा पत्र्यावर. जांभळा. मग मी रांगत गाडीभोवती फिरले. चाकाच्या नटावर, चेनच्या गार्डावर, आरशाच्या दांडीवर, सीटखाली, सगळीकडे. मी रोज चोवीस छटांच्या पांढऱ्यातून माणसाचा दात जुळवते. ती छटा मी चुकणार नाही. वर बघितलं तर बेकरीवाला छताकडे बघत होता. रंग बदललास, प्लेट काढलीस, साक्षीदार पढवून ठेवलास आणि ठिपके द्यायचे थांबवता आले नाहीत तुला. चोर पकडला खरा, पण आपलेच दात नि आपलेच ओठ. मी मातीत बसून राहिले. मेकॅनिकनं विचारलं, चोरीची आहे का? मी म्हटलं, नाही, घरची आहे.

आता जे सात वर्षं बोलले नाही ते लिहिते. तुझी लाल गाडी मी धड दोनदाच पाहिली होती, होस्टेलवरून आले होते तेव्हा. तिसऱ्यांदा यायची होती परीक्षा संपल्यावर, बसथांब्यावर मला न्यायला. मी फोन करून म्हणाले होते, पाच मिनिटांत ये, नाहीतर येऊच नकोस. लाडात म्हणाले होते की रागात, आता आठवत नाही. त्यानंतर दवाखाना, तुझा पाय, ते लोखंडी सळ्यांचं पिंजऱ्यासारखं. तू फक्त ‘गाडीवरून पडलो’ म्हणालास. आईनं पुढं विचारलं नाही. गाडी भंगारात दिली म्हणालास, तेही कुणी विचारलं नाही. आणि मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला, की पाच मिनिटांत पोचायला तू वेगानं निघालास आणि माझ्यामुळं पडलास. तू मोटरसायकलचा विषय निघाला की उठून जायचास तेव्हा मला वाटायचं, हा माझ्यापासून उठून जातोय. तुला वाटत असेल मी हौसेनं गाडी शिकले. नाही रे. परत कधी कुणाला मला न्यायला यावं लागू नये, म्हणून शिकले.

घरी येऊन जेवायला बसले तेव्हा मेकॅनिकचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. ही उभी होती. तू उभा होतास दादा. सिग्नलला, नाहीतर कुठल्यातरी चौकात, पाय टेकून, वाट बघत. तू घाईत नव्हतास. मी ताट तसंच ठेवून रडले, मनसोक्त रडले. आणि मग तुझा इतका राग आला म्हणून सांगू! एक वाक्य होतं ते. सात वर्षांत एकदा म्हणायचं होतंस. पण मी तरी कुठं विचारलं? सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या फौजदारानं तेवढा एक प्रश्न विचारला नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती.

आता शेवटचा संशय, ज्याच्यासाठी हे पत्र. तू ती गाडी एकेक नट करत उभी केलीस, मेकॅनिक म्हणाला की हे काही महिन्यांचं काम नाही, वर्षांचं आहे. इतक्या वर्षांत तू तिच्यावर एकदाही बसला नाहीस, कारण काटा चार हजारावर थांबलाय तो थांबलेलाच आहे. गुडघा पूर्ण वाकतो असं डॉक्टर चार वर्षांपूर्वीच म्हणाले, आईनं परवा कबूल केलं. म्हणजे तू मला गाडी देत नाहीयेस, तू तिला डोळ्यांसमोरून काढतोयस. त्यात मी सामील होणार नाही. बेकरीवाल्याला मी नाही म्हणून कळवलंय. घ्यायची तर मालकाकडून घेईन, किल्ली त्याच्या हातून. आणि शेळी मी विकत नाही. तिला नवे ब्रेक बसवलेत, आरसे तुझ्या उंचीला लावलेत. या पाकिटात शिकाऊ चालकाची लाल ‘L’ अक्षराची पाटी आहे, गाडी शिकवणाऱ्या गुरुजींनी चार महिने मला लावायला लावली होती ती, मागं अजून गोंद आहे. ती तुझ्यासाठी आहे. रविवारी सकाळी मोठीची किल्ली घेऊन बेकरीमागच्या मोकळ्या मैदानात ये. तू शेळीवर बस, मी मोठी घेऊन मागून हळूहळू येते. आल्यावर आधी नुसता पाय टेकून उभा राहिलास तरी चालेल. तुला कितीही वेळ लागू दे दादा, मी थांबेन. या वेळी घड्याळ घरी ठेवून येतेय.

तुझीच,
फौजदार