पास झालेलं पाणी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडले की मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते. आज फारच चिडले आहे, आणि थोडी तुमच्यावरही, म्हणून हे लिहायलाच बसले.

अमरावतीला तुम्ही शिकवायचात त्या कॉलेजातलं ऑटोक्लेव्हचं वाफेचं यंत्र बंद पडलं की तुम्ही परीक्षानळ्या पिशवीत भरून घरी न्यायचात आणि वरणाचा कुकर घासून त्यात त्या निर्जंतुक करायचात. मी ओट्याशी उभी. तिथेच तुम्ही मला झापलं होतं. विहिरीच्या पाण्याच्या नळ्या पहिल्या दिवशी स्वच्छ दिसल्या म्हणून मी वहीत 'पिण्यास योग्य' लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी नळीत जंतूंनी सोडलेल्या वायूचा चांगला टपोरा बुडबुडा! "काहून व, एक दिवस थांबता नाही आलं तुले? तू सोता पेशीन काय हे पानी?" कुकरची शिट्टी झाली, तरी तुमचं बोलणं थांबलं नव्हतं.

अकोल्याच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं हाच प्रश्न स्वतःला विचारून मी सही करत आले. पण ऐकतं कोण? नमुना खराब आहे असं लिहिलं की कागद परत येतो, पुन्हा नमुना घ्या. मग आदल्या दिवशी गावाच्या टाकीत जंतू मारणारी टीसीएल पावडर बादलीभर ओततात, दुसरा नमुना साहजिकच चांगला येतो. पावडरचा असर उतरला की फुटका पाइप आहेच नालीतलं पाणी ओढायला. "मॅडम, दुसरा चांगला आला न? मंग पयल्याचं काय घेऊन बसल्या?" साहेबांचं हे ठरलेलं. भांडले, पत्रं लिहिली, 'तापट बाई' एवढं नाव कमावलं. परवा जिल्ह्यातल्या एका गावाच्या दुसऱ्या नमुन्यावर मी मुकाट्यानं सही केली. कंटाळले होते, बाई. खरंच कंटाळले होते.

पण राहवेना. आज त्या गावात जाऊन आले. पहिल्याच घरी नळाखाली ओंजळ धरली, पावडरचा वासही नाही. घरातली बाई लख्ख घासलेला ग्लास भरून समोर उभी.

"घ्या मॅडम. आता तं पास झालं म्हनते आमचं पानी."

माझा हात पुढे होईना. "आज माझी निर्जळी आहे," मी म्हटलं. आयुष्यात एकदाही न धरलेला उपास! पर्समध्ये माझी घरून आणलेली बाटली होती.

"बाप्पा! इतक्या उनात?" ती हळहळली. "मंग मीच पेतो." आणि उभ्या उभ्या तिनं तो ग्लास रिकामा केला. मी समोर होते. बाटली दिसू नये म्हणून पर्सची चेन ओढून घेतली.

उद्या पहिल्या नमुन्याचा अहवाल पुन्हा पाठवीन म्हणते. पाठवीनच असं नाही सांगत. आणि तुम्ही आज अमरावतीला असतात, तरी हे पत्र मी तुम्हाला टाकलं नसतं.