लाल दोऱ्याची सरकारी कोंबडी

सिंदेवाहीजवळ, जिल्हा चांदा
मे १९५८

...आणि नाई भाऊ, मी वेडा झालो नाई. मागच्या कार्डात तुम्ही लिहिलं की डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरानं सुट्टीत आंबे खावे, कोंबड्या फाडू नये. आंबेही खाल्ले. (थांबा, नमस्कार राहूनच गेला. तीर्थस्वरूप गुणवंतभाऊंच्या पायावर इथूनच डोकं ठेवतो. वहिनीचे गुडघे आणि वॉर्डात नर्सांवर तुमचं ओरडणं, दोन्ही कमी झालं असेल अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल, एक कोंबडी सोडून. सुगंधामावशीचं पुढे लिहितो.)

आमचे प्रोफेसर सांगतात, अंडाशयाचा कॅन्सर काऊन होते ते कोणालेच ठाऊक नाई. मी समजलो, म्हणजे जागा रिकामी आहे, आपण बसून घ्यावं. आता पहा. बाईच्या अंडाशयातून महिन्याले एक बीज सुटते. दार उघडून नाई, वरचं आवरण फोडून सुटते. जखम होते, भरते, पुढच्या महिन्यात पुन्हा फुटते. आपल्या धानाच्या बांधीचा धुरा आठवा, तो मातीचा बांध. पाणी काढाले तोंड फोडायचं, मातीनं बुजवायचं, पुन्हा फोडायचं. शंभरदा बुजवलं की एखाद्या वेळी माती नीट बसत नाई. तशीच तिथी नवीन पेशी बनता बनता एखादी बिघडत असेल, आणि बिघडली की थांबतच नसेल. बाई पोटुशी राहिली की बीज सुटणं बंद, तेवढाच धुऱ्याले विसावा. हा निव्वळ माझा अंदाज, छापलेला कुठीच नाई. (प्रोफेसरांना सांगितला, तं ते म्हणाले, आधी पास हो.)

आता बायकांवर प्रयोग कराले मिळत नाई, पण कोंबडी तं रोज अंडं देते! आणि आपल्या गावात ब्लॉक ऑफिसवाल्यांनी दोन वर्षांमागे पांढऱ्या विलायती कोंबड्या वाटल्या. ग्रामसेवक मुखरूभाऊनं तेव्हा चावडीवर भाषणच ठोकलं होतं. देशी कोंबडी म्हणजे आळशी, दहा-बारा अंडे देते आणि खुडूक होऊन त्यांच्यावरच महिनाभर ठाण मांडून बसते. ह्या विलायतीची मात्र बसण्याची खोडच तिकडच्या लोकायनं मोडून टाकली, ती रोज देशासाठी अंडं देते. (मुखरूभाऊ स्वतः त्या भाषणानंतर तीन दिवस खुडूक होते, कोणाले दिसले नाई.)

त्यातली एक मावशीकडे कामाले येणाऱ्या बुधरीच्या वाट्याले आली. दोन वर्षं अंडे देत राहिली. आता आलो तेव्हा पाहतो तं पोट टरटरून फुगलेलं आणि चाल बदकाची. माझ्या मनाले काय आनंद झाला म्हणून सांगू! बुधरी तेंदूपत्ता तोडाले जंगलात गेली होती, म्हणून मी तिच्या खुराड्यात आपली धडधाकट देशी कोंबडी ठेवली आणि ही उचलून आणली. चोरी नाई, बदला-बदली. पायाले लाल दोरा होता. वहीत लिहून घेतलं: ‘ब्लॉकची ओळखखूण, लाल.’

अंगणात पाटावर फाडली. आत वाटीभर पिवळं पाणी आणि अंडाशयावर वाटाण्यायवढ्या पांढऱ्या कडक गाठी, आतड्यापर्यंत पसरलेल्या. मी असा ओरडलो की मावशी कमरेवर हात ठेवत बाहेर आली. तिलेच धरून बसवलं आणि सगळा सिद्धांत ऐकवला. देशी कोंबडी खुडूक बसते म्हणून तिले विसावा मिळते, हिले मिळाला नाई. तसंच बायकांचं, जिले लेकरं नाई तिले...

इथी मी थांबलो. पण भाऊ, गाडी स्टेशनाच्या पुढे निघून गेली होती.

मावशी काही रडली नाई. पदरानं वारा घेत म्हणाली, “बस, बस, पुरं कर. सासूनं म्हटलं देवीचा कोप. वैद्यानं म्हटलं अंगात उष्णता. तुह्या मावसाजीनं काहीच नाई म्हटलं, दुसरी करून आणली. तू एवढे विलायती पुस्तकं वाचून आला, मले वाटलं काही नवीन सांगशीन. तूही फिरून मह्याच कुशीवर आला का रे?”

तेवढ्यात बुधरी आली, खांद्यावर पानाचा भारा.

“मही कोंबडी कुठी हाये?”

मी बदला-बदली समजावून सांगितली. तिनं पाटावरचा तो पाय उचलून पाहिला, दोऱ्यासकट. “हा दोरा म्या बांधला व्हता. नवसाची व्हती थे.”

मी विचारलं, कशाचा नवस?

ती माझ्याशी नाई, मावशीशी बोलली. “बाई, तुमच्या पोटासाठी बोलली व्हती म्या. दिवाळीपासून तुमी दोनच घास खाता अन् पोट वाढूनच राह्यलं.” मग माझ्याकडे वळली. “मह्या देवाची कोंबडी तू तुह्या देवाले देली. आता तुह्या देवानंच बाईले बरं करावं. मी काई मंगत नाई.”

(मुखरूभाऊनं ऐकलं तं म्हणाला, सरकारी कोंबडी नवसात धरता येत नाई, अर्ज कराले पाहिजे.)

असा आहे माझा शोध. वहिनीले नमस्कार, लहानग्यांना पापा.

तुमचा आज्ञाधारक (आता खरोखर),
श्रावण

ता. क. स्पिरिटच्या बाटलीत अंडाशय पाठवून राह्यलो. प्रोफेसरांना दाखवा किंवा फेकून द्या. पत्र बाटलीसाठी नाई.

ता. क. २. मावशीचं पोट काल बुधरीनं चाचपलं. मले ती हात लावू देत नाई. बुधरी म्हणते, डाव्या बाजूले कवठासारखं कडक आहे. मावशीच्या लुगड्याची गाठ आता पोटावर पुरत नाई, हे मले सुट्टीच्या पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी कोंबडी पाहत होतो. शुक्रवारच्या छोट्या गाडीनं आम्ही तिघं तुमच्याकडे निघतो, बुधरीही येते. बायकांच्या वॉर्डात एक खाट धरून ठेवा, पाया पडतो.

ता. क. ३. मावशीची एकच अट आहे. कागदावर ‘मुलं किती’ असं विचारतात तो रकाना तिच्यासमोर कोणी वाचायचा नाई. तुम्हीच भरून ठेवा. आणि रात्री ती म्हणाली, “बसण्याची खोड लोकायनं मोडली, अंडेही लोकायनंच खाल्ले, मंग दोष कोंबडीचा कसा रे?” तुम्ही तं पास झालेले, तुम्हाले काय वाटते भाऊ?