उत्तरेचा डोंगर

रांतेलिंबोंग
११ मार्च १९९६

चि. तांदीस लुदियाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझा खोकला गेला का? उजुंग पांदांगच्या दमट हवेत तू गळ्याला मफलर गुंडाळून हिंडतोस असं कळलं. लोक हसत असतील, हसू देत.

आई तशीच आहे, दक्षिणेच्या खोलीत निजलेली. रोज सकाळी तिच्या उशाशी कॉफी ठेवते, गावातलं काय काय ते सांगते. श्वास थांबला असला तरी ऑगस्टमध्ये रेडे कापून निरोप दिला की मगच ती गेली म्हणायचं. तोवर आपल्याला ती आजारीच. पण परवाची गोष्ट तिला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून तुला लिहिते.

विजेच्या मोठ्या तारा न्यायच्यात म्हणून माणसं आली आणि बुंतू पासांग डोंगराच्या माथ्यावर, आपल्या घराच्या ऐन समोर, लाल खुंटी ठोकून गेली. तिथं लोखंडी मनोरा येणार. आपलं तोंगकोनान, वाडवडिलांचं घर काय, गावातलं कुठलंही घर काय, उत्तरेकडे तोंड करून का बसलंय हे त्यांना कोण सांगणार? देवाचं तोंड त्या बाजूला. आईचा सोहळा होईल तेव्हा दहा गावचे पाहुणे अंगणात बसून नेमके तिकडेच बघणार.

मी सरपंचाकडे गेले. तो म्हणाला, उगाच घाबरतेस, हे बघ चित्र, काही म्हणजे काही दिसत नाही. भिंतीवर मोठा फोटो लावलाय. डोंगर आपलाच, आणि मनोरा कुठेच नाही! मी बराच वेळ बघत राहिले. मग लक्षात आलं, फोटो शाळेच्या वळणावरून काढलाय. तिथं बांबूचं बेट मध्ये येतं रे. त्याच्यामागे हत्ती उभा केला तरी दिसायचा नाही.

असली चित्रं तुमच्याच कचेरीत काढतात ना? मला खरं काय ते कळव. जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
लुदियाताई

*

उजुंग पांदांग
१९ मार्च १९९६

ती. लुदियाताईस तांदीचा शि. सा. नमस्कार.

खोकला गेला, मफलर आहे. पत्र दोनदा वाचलं. ते चित्र आमच्याच खोलीतलं. मी धरणाच्या कामावर होतो, फोटो दुसऱ्याने काढले. आमचं कामच हे, की काही मोठं बांधायचं असेल तर ते कुठून कसं दिसेल, डोळ्यांना किती खुपेल आणि ते कमी कसं करायचं, हे आधी दाखवायचं. कुठून बघायचं त्या जागा आधी ठरवतात. या कामात सगळ्या जागा रस्त्यावरच्या घेतल्यात. गाडीतून जाणाऱ्याला दिसलं नाही म्हणजे कुणालाच दिसलं नाही. आपलं अंगण कुणी धरलेलंच नाही.

आमचे साहेब, पाक सुगियार्तो, यांना विचारलं. ते म्हणाले, गावातून लेखी मागणी आली तर अंगणही धरावं लागेल. म्हणून उशीर करू नकोस, सरपंचाच्या सहीने अर्ज पाठव. मग आम्ही माथ्यावर मनोऱ्याच्या उंचीइतक्या दोरीला लाल फुगा बांधून सोडू. जे आहे ते सगळ्यांना आपल्या डोळ्यांनी दिसेल.

फक्त एक कर. मी त्या घरचा आहे हे कुणाला बोलू नकोस. घरचं म्हणून पक्षपात करतो असं झालं तर अर्जही जाईल आणि नोकरीही. रात्री डोळा लागत नाही. आईच्या कॉफीत माझ्या वतीने साखर जास्त घाल.

लोभ आहेच, तो असाच राहो.

तुझा,
तांदी

*

रांतेलिंबोंग
२२ एप्रिल १९९६

चि. तांदीस आशीर्वाद.

तू आलास आणि परक्यासारखा अंगणात उभा राहिलास. मला पाणीसुद्धा सरकारी माणसाला द्यावं तसं द्यावं लागलं. घरी येऊन आईला न भेटता गेलास, हे माझ्याच्याने अजून पचत नाही. तिला मी सांगितलं, कामात होता.

फुगा वर गेला तेव्हा सरपंच विडी ओढायची विसरला, ते तू पाहिलंसच. भाताच्या कोठीच्या छपरावर, आभाळात, तो लाल ठिपका असा काही लोंबत होता की म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. नंतर सरपंच मला म्हणाला, बाई, मला फसवलं गं त्यांनी.

पण खरी पंचाईत तू गेल्यावर झाली. तुझ्याबरोबरचा इंजिनिअर सांगून गेला, की माथा नको असेल तर मनोरा खाली, ओढ्यावर डोंगराचा खांदा आहे तिथे घेता येईल. गाव खूश. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खांद्यासमोर एकच घर आहे, रुपांगआत्याचं!

तुला ठाऊक आहे, बाबांच्या सोहळ्यात रेड्याच्या मांसाचा मानाचा वाटा तिला मिळाला नाही, तेव्हापासून तिने ओढा ओलांडलेला नाही. परवा ओलांडला. अंगणात उभी राहून साऱ्यांसमोर म्हणाली, वाटा देताना मी आठवले नाही, आणि लोखंड वाटायच्या वेळी बरी आठवले! मी म्हटलं, आत्या, बसा तरी. तर म्हणाली, बसायला आले नाही, बघायला आले, भावाच्या पोरीची मान खाली जाते का ते.

गेली रे खाली. काय करू सांग. आईचं दार मोकळं ठेवायला तिच्या दारात धोंड ढकलू?

लुदियाताई

*

उजुंग पांदांग
६ मे १९९६

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

काय करू, विचारलंस. चित्र आहे, ते सोबत पाठवतो. आत्याच्या दारातून मनोरा कसा दिसेल त्याचं.

माथ्यावरचा मनोरा आभाळात उभा राहतो, सगळ्या खोऱ्याला दिसतो. खांद्यावरच्याच्या पाठीशी काळपट झाडी आहे, त्याला मळकट करडा रंग दिला तर तो तिच्यात मिसळतो. हे खरं आहे. पण आत्याच्या ओसरीवरून तो जवळ आहे, दुपारच्या उन्हात चांगला दिसतो, हेही खरं आहे. म्हणून मी दुपारचंच चित्र केलं. पाक सुगियार्तो म्हणाले, सकाळचं धुकं घाल थोडं, बाई शांत होईल. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, तुझं इतकं काय अडलंय? मग मी सांगून टाकलं, की ती माझी आत्या आहे आणि वरचं घर माझं.

 चित्र जसंच्या तसं जाणार आहे, पण मला या कामावरून काढून बंदराच्या कामाला घातलंय. पुढे ठेवतील का, माहीत नाही. इथे घरात अजून बोललो नाही.

तू चित्र घेऊन स्वतः आत्याकडे जा. मनधरणी करू नकोस. नको म्हणाली तर नको. मग माथ्यावरचा मनोरा आपण सोसू.

तुझा,
तांदी

*

ओढ्यापलीकडून
२ जून १९९६

तांदी,

आत्याचे आशीर्वाद घे. नको असले तरी घे.

तुझी बहीण चित्र घेऊन आली. पायरीवर ठेवलं आणि एक शब्द न बोलता बसून राहिली. इतकं गप्प बसणं तिला कुणी शिकवलं? मी चित्र घेऊन ओसरीवर उभी राहिले, सकाळी एकदा, दुपारी एकदा. केवढं कुरूप काढलंयस रे! गोड काढलं असतंस तर सरळ चुलीत घातलं असतं. शाळेच्या वळणावरचं ते पहिलं चित्र पाहून मी ठरवलं होतं, की या लोकांच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही.

मी सरपंचाला सांगितलं, खाली घ्या. पण फुकटात नाही. सामान माणसांच्या खांद्यावरून न्यायचं. गाड्यांसाठी उतार खणून डोंगराची लाल माती उघडी पाडाल तर मी आडवी झोपेन. ओढ्याच्या कडेला ताडाची आणि बांबूची रोपं लावायची, आणि ती जगवायची. दोन पावसाळ्यांत एखादं मेलं तर पुन्हा लावायचं. रंग करडाच. तुझा इंजिनिअर मान डोलवत होता. मी म्हटलं, मान नको, लिहून दे. दिलं त्याने.

तुझ्या बहिणीसाठी केलं असं तिला वाटू देऊ नकोस, डोक्यावर बसेल. त्या घरात मी जन्मले. त्या अंगणात मी चालायला शिकले, ते त्या डोंगराकडे बघत. आणि तुझी आई, माझी भावजय, तिने मला वाटा दिला नाही असं कधी झालं नव्हतं. वाटा चुकवला तो पुरुषांनी. तिचं तोंड उत्तरेला वळवतील तेव्हा समोर डोंगरच असू दे.

काल जाऊन तिच्या उशाशी बसले. बरंच बोलायचं साठलं होतं.

नोकरीचं काय झालं ते कळव. भीत भीत लिहू नकोस, सरळ लिही. आणि सोहळ्याला येशील तेव्हा परक्यासारखा उभा राहू नकोस. पाहुणे गेले की माझ्याकडे ये, कॉफी पिऊ. ओसरीवर माझ्या शेजारी बसायचं आणि तो मनोरा माझ्याबरोबर बघायचा. रोज रोज मी एकटीने नाही बघणार.

तुझी आत्या,
रुपांग