सोनूबाईंची सात मिनिटं

३ फेब्रुवारी, मुलुंड
आजपासून ही केबिन माझी! दारावर पाटीही लागली: डॉ. गार्गी, मानसोपचारतज्ज्ञ. आधीचे डॉक्टर एकेका पेशंटला तासभर बोलू द्यायचे म्हणे. कसला हा रिकामा उद्योग! मेंदूतलं रसायन सुधारलं की माणूस सुधारतो. झोप, भूक, गोळी. सात मिनिटं झाली की रिसेप्शनवरची जया बेल मारते. झकास चाललंय.

१० फेब्रुवारी
गोवंडीच्या सोनूबाई आल्या. मेलेली मुलगी कमल दार ठोठावते, म्हणून झोप नाही. "डॉक्टरबाई, कडी..." एवढ्यात बेल झाली. बाई उठेनात. आधीचे डॉक्टर ऐकायचे, म्हणाल्या. मी भडकलेच. भास ओळखायला अख्खं रामायण कशाला? डोस वाढवला आणि पुढच्याला बोलावलं.

१७ फेब्रुवारी
सोनूबाईंनी जीव दिला. जयाने सांगितलं. वाईट वाटलं, पण औषध बरोबरच होतं.

१९ फेब्रुवारी
नाहूरचा श्रेयस परीक्षेच्या धास्तीबद्दल सांगत होता. मध्येच सोनूबाईंच्या आवाजात म्हणाला, "कडी मीच लावली होती." आणि पुन्हा परीक्षा. त्याला काही आठवेना.

२० फेब्रुवारी
सहा पेशंट. प्रत्येकाच्या तोंडून तिचंच एकेक वाक्य. कमल भ्रमात घर सोडून जायची, म्हणून सोनूबाई बाहेरून कडी घालून कामाला जायच्या. एक दिवस खोली पेटली. कमलने दार ठोठावलं. वेडीचं रोजचंच, म्हणून शेजारी उठलेच नाहीत.
हे सगळं ऐकायला मला किती वेळ लागला असता?

२२ फेब्रुवारी
आता मी तोंड उघडलं की आवाज सोनूबाईंचा. शब्दही तिचेच. आईला फोन केला. राँग नंबर म्हणून तिने ठेवून दिला.
माझे सर, डॉ. नंदकिशोर, यांच्याकडे धावले. मला सांगायचं होतं— तोंडातून फक्त "कडी मीच—"
सर घड्याळ बघत म्हणाले, "स्ट्रेस आहे गं. झोप होते ना?"
चिठ्ठी दिली. पुढच्याला बोलावलं.

२३ फेब्रुवारी
लिहिता येतंय. तेवढं तरी—
सोनूबाई समोर बसलीय. हसतेय. मी लिहून माफी मागितली. तिने वाचली नाही.
जयाला कागदावर विचारलं, बाई किती शिकलेल्या?
अंगठा लावायच्या, म्हणाली.
हात जड— अक्षरं ओळखू येत नाहीत—
मी गार्गी— माझं ऐका— अजून सांगाय