जावयांनी आणलेल्या ढलप्या

३ मार्च, रविवार

ढीग! दार उघडलं तर फाटकाशी कमरेइतका ढीग — लाकडाच्या ढलप्यांचा. शेजारी जावई उभे, अंगभर भुसा, तोंडभर हसू. लग्नातल्या रुसव्याफुगव्यांनंतर आपणहून आमच्या दारात आले ते आज. एरवी लेक नातीला, ठकीला, घेऊन आत येते आणि जावई गाडीत बसून राहतात.

म्हणाले, "आई, तुमचे वाफे उन्हाने तडकतात ना? हे पसरा वर. पाणी निम्मं लागेल." म्हणजे गाडीत बसूनही सगळं ऐकत होते तर!

टोमॅटो आणि पालकाच्या वाफ्यांवर त्यांनी स्वतः पसरून दिलं. आमचे हे तर मागे मागे झाडू घेऊन, जणू मंत्री आलेत. जाताना जावई म्हणाले, "तळ्यावरचा जुना धक्का आम्हीच पाडला, त्याच्या फळ्या आहेत. इतकी वर्षं पाण्याकाठी होत्या, पण वाळवीने तोंड लावलं नाही."

फार बरं वाटलं आज.

४ मार्च, सोमवार

वाळवीने तोंड का लावलं नाही?

दिवसभर डोक्यात हाच किडा. दुकानात एकाचा चष्मा दुसऱ्याच्या डबीत घातला. घरी आल्यावर एक ढलपी मोडून पाहिली. आत हिरवट झाक. आणखी मोडल्या. सगळ्या तशाच. हे म्हणतात, "शेवाळ असेल." लाकडाच्या आत कसलं शेवाळ?

ठकी वर्षाची आहे. दर रविवारी त्या वाफ्यांपाशी बसते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते.

५ मार्च, मंगळवार

उद्यान विभागाला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "हिरवट आहे म्हणजे औषध मुरवलेलं लाकूड असणार. जुनं असलं तर त्यात आर्सेनिकही असू शकतं. भाजीत नको. मूल खेळतं तिथे तर नकोच नको. जाळू नका, खतात घालू नका. पोत्यांत भरून ठेवा, शनिवारी आमची गाडी नेईल."

मग वाफ्यांवर घालू काय? झाडं छाटतात त्या फांद्यांच्या ढलप्या चालतात, साल चालते, वाळका पाला चालतो. रंगवलेलं, प्लायचं, मोडलेल्या फर्निचरचं काहीही नको. आणि खोडापासून चार बोटं लांब ठेवायचं. एवढंच.

एवढंच! जावयांना सांगायचं कसं, ते कोणता विभाग सांगणार?

ह्यांना विचारलं. "सरळ सांगून टाक." म्हटलं, तुम्हीच सांगा मग. तर म्हणे, "मी कशाला मध्ये पडू?" आणि पेपर उघडला.

६ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. "आई, काय जादू केलीस? रविवारपासून शीळ घालत फिरतोय तो. म्हणतो, आईंना आवडलं."

तोंडाशी आलेलं गिळलं. म्हणाले, "फार छान आहे हो. फार उपयोग झाला, सांग त्यांना." जीभ कशी झडली नाही माझी. पण इतक्या दिवसांनी माणूस दारात आलाय. त्याने हौसेने दिलेलं विष आहे, असं सांगू?

७ मार्च, गुरुवार

रजा टाकली. हातमोजे घातले, नाकाला फडकं बांधलं, सगळ्या ढलप्या उपसल्या. वरची मातीही खरवडली. पालक मुळासकट उपटून कचऱ्यात. ह्यांनी पोती धरली आणि कंबर धरून बसले. मी पोत्यांची तोंडं सुतळीने नीट शिवली आणि फाटकाच्या आत भिंतीला लावून ठेवली.

कोपऱ्यावरच्या घरी झाडं छाटत होते. त्यांच्या ढलप्या मागून आणल्या, वाफ्यांवर पसरल्या. लांबून पाहिलं तर अगदी तशाच दिसतात. जावयांना कळायचंही नाही. कुणाचं मन दुखावलं नाही आणि ठकीचंही भागलं. आज धड जेवले.

८ मार्च, शुक्रवार

दुकानातून आले तर भिंतीशी एकही पोतं नाही. गाडी एक दिवस आधीच आली वाटतं. हे म्हणाले, "मला डुलकी लागली होती. काही कळलं नाही." नेहमीचंच. असो. गेली एकदाची ब्याद.

१० मार्च, रविवार

ठकी आली नाही. लेक म्हणाली, "घरी काम काढलंय. गंमत आहे, उद्या सांगते." मी मेली अंगणातच घुटमळत राहिले. ज्या ठकीसाठी एवढं केलं तीच आली नाही.

११ मार्च, सोमवार

आत्ताच लेकीचा फोन आला. "आई, शुक्रवारी तो तिकडून जात होता तर फाटकाशी पोती दिसली. बाबा झोपलेले, म्हणून उठवलं नाही त्याने. उरलेलं आमच्यासाठी तू पोत्यांत भरून ठेवलंस, वर तोंडंसुद्धा शिवलीस — त्याला भरूनच आलं गं. काल दिवसभर खपून सगळं झोपाळ्याखाली पसरलं. ठकी तर तिथून हलायला तयार नाही."

म्हटलं, "आधी तिला उचल. हात धू, तोंड धू. आणि जावयांना फोन दे."

ते आले. "बोला ना, आई," म्हणाले. हसत होते.