उडत्या थव्यामागचा माणूस

येलदरी, ता. जिंतूर
९ जानेवारी २०२५

ती. दत्तामामास धम्मदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई, आन् मी ओरडायलो की शेजारचे भांडण लागलं समजून जमा होतात, म्हणून पत्र. मी रेणुकाताईकडं आहे. दोन दिवसांसाठी आलतो, तीन आठवडे झाले. पण मामा, धरणाच्या पाण्यावर हंस उतरलेत! गावात त्यांना बदकंच म्हणतात. डोक्यामागं दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात म्हणे, आन् आपली एसटी परभणीहून जिंतूरला यायलाच दमती.

बसलेल्या हंसाचा फोटो कुणीबी काढतं. मला उडतानाचा पाहिजे, पंख पुरे उघडलेला, डोळा साफ. लग्नातल्या एका फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा घेतलाय, त्याचं बटन मधीच अडकतं, ते जाऊ द्या. पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात ताई-दाजींनी हरभरा पेरलाय. हंस रात्री तिथं चरतात आन् उजाडताना थव्यानं पाण्याकडं उडतात. चंद्रभान दाजी अंधारातच फटाके लावून त्यांना हाकलायचे. मी हातापाया पडून त्यांना सूर्य वर येईपर्यंत थांबायला लावलंय. कुरकुरतात, पण मेहुणा पडलो ना.

सोबतीला मुंजाजी असतो, धरणात मासे धरणारा. त्याची बायको सुलाबाई मला रोज भाकर बांधून देती, आन् बिनकामाचा म्हणून शिव्याबी देती. भाकर लय गोड असती.

सरजामामीला जयभीम. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा भाचा,
धम्मदीप

पेडगाव
१६ जानेवारी

चि. धम्मदीप यास अ. आ. व जयभीम.

पत्र पोचले. तुझे अक्षर तुझ्या हंसांपेक्षा जास्त उडते. मामीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. गेल्या साली तू दहावीचा फॉर्म भरायला निघालास आणि माहूरच्या डोंगरात सापडलास, त्यामुळे हंसांचे मला नवल वाटले नाही.

एक मात्र सांगतो. तो हरभरा म्हणजे रेणुकाच्या घरची वर्षाची डाळ आहे. तुझ्या चांगल्या उजेडापायी पाखरे रोज तास-दीड तास जास्त चरतात, याचा विचार केलास का? चंद्रभान बोलत नाही, मनात धरून ठेवतो. फोटो झाले असतील तर निघून ये. थंडी फार आहे, कान बांधत जा.

पत्राची वाट पाहतो, तुझी त्याहून जास्त.

दत्तामामा

येलदरी
२७ जानेवारी

ती. दत्तामामास सविनय जयभीम.

खुशाली लिहायला हात होत न्हाई. सुलाबाई गेली. नीट सांगतो, मधीच दुसरीकडं गेलो तर माफ करा.

शुक्रवारी सकाळी थवा उठला. मी भराभर बटन दाबलं आन् लगेच कॅमेऱ्यात मान घालून काय आलंय ते बघत बसलो. मान वर केली तर एक हंस विजेच्या तारांखाली पडलेला. मुंजाजीच्या घरचा नेम आहे, मरून सापडलेलं पाखरू खायचं न्हाई. ते कशानं मेलं हे कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तरच चुलीवर चढवायचं. त्यानं मला विचारलं, तारेला धडकताना पाहिलं का. मी हो म्हणलं. पाहिलं नव्हतं मामा. दिवसभर कॅमेरा गळ्यात घालून हिंडणाऱ्यानं पाहिलं न्हाई असं कसं म्हणायचं, एवढंच मनात आलं.

मुंजाजीनं हंस शिजवायला घरी नेला. मी बॅटरी आणायला जिंतूरला गेलो, तिथं कापसाच्या गाड्या बघत उगाच थांबलो. परत आलो तर सुलाबाईच्या तोंडाला फेस. मुंजाजीलाबी उलट्या झाल्या, तो वाचला. ती दवाखान्याच्या वाटेवरच गेली. दुसऱ्या दिवशी काठावर आणखी अकरा हंस मेलेले सापडले. मांसासाठी मुंजाजीनंच विष घातलं म्हणून पोलिसांनी त्याला नेलं.

मग मी एकेक फोटो मोठा करून पाहिला. तो हंस तारेपासून लांब असतानाच मान टाकून खाली यायलाय. आन् आदल्या दिवशीच्या एका फोटोत, उठत्या थव्यामागं, दाजी बादलीतनं दाणे फेकायलेत. हरभरा फुलावर आलाय, आता पेरणी कोण करतं मामा?

ताईला दाखवला. ती म्हणाली, त्यांना पाखरं मारायची होती, माणूस न्हाई. तू ते पुसून टाक. दोन्ही पोरी तिथंच अभ्यासाला बसलेल्या. दाजी दोन दिवस जेवले न्हाईत, माझ्याकडं बघतबी न्हाईत.

काय करू ते लिहा. या वेळेला रागावून लिहिलं तरी चालेल.

धम्मदीप

पेडगाव
३१ जानेवारी

चि. धम्मदीप यास आशीर्वाद.

तुझे पत्र मामीला वाचून दाखवले नाही. बरे आहे सगळे, एवढेच सांगितले.

तीस वर्षे तहसिलीत कारकुनी केली. खरे तेच लिहा म्हणून लोकांना बजावत आलो. आज उलटे लिहितो आहे. कॅमेऱ्यातले ते फोटोंचे कार्ड पाण्यात टाक. तुमची आई गेली तेव्हा रेणुका नऊ वर्षांची होती, तू तिच्या कडेवर. तिच्या पोरींचा बाप आपल्याच हातून तुरुंगात जावा, हे मला सोसणार नाही. मुंजाजीविरुद्ध पुरावा नाही, तो महिन्या-दोन महिन्यांत सुटेल. चंद्रभान सुटणार नाही. आणि फटाके कोणी थांबवले, तार कोणी सांगितली, हेही तिथे निघेल. सुलाबाई काही परत येणार नाही.

हे वाचून फाडून टाक. आशीर्वाद देतो, कशासाठी ते लिहवत नाही.

दत्तामामा

जिंतूर
७ फेब्रुवारी

ती. दत्तामामास जयभीम.

तुमचं पत्र फाडलं न्हाई, कुणाला दाखवणारबी न्हाई. तुमचं ऐकायचं म्हणून कार्ड खिशात घालून दोन दिवस काठानं हिंडलो. मंगळवारी मुंजाजीला डबा द्यायला ठाण्यात गेलो. म्हणलं, एकदा तोंड बघावं, मग टाकावं.

त्यानं डबा उघडलाच न्हाई. म्हणाला, पोलिसांनी लिहिलेल्या कागदावर मी अंगठा देऊन टाकला. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, शिजवलं मी, आन् पोटातलं तिला आवडतं म्हणून सगळं तिच्याच ताटात वाढलं. मग आणखी कुणाचं नाव सांगू. मामा, तुमी म्हणता तसा तो सुटणार नव्हता. त्याला सुटायचंच नव्हतं.

मी तिथंच सांगितलं, तारेला धडकताना मी पाहिलं नव्हतं. त्यानं डबा गजांतून हळूच बाहेर सरकवला. मी साहेबांच्या टेबलावर कार्ड ठेवलं. फटाक्याचं सांगितलं, तारेचं सांगितलं, दाजींचं सांगितलं. सगळं लिहून घेतलं, सही केली.

दाजींना संध्याकाळी नेलं. ते जेवायला बसले होते, हात धुऊन आपणहून जीपमध्ये चढले. ताईनं मला शिवी दिली न्हाई. माझे कपडे घडी घालून पिशवीत भरले आन् पिशवी ओट्यावर ठेवून दार लावलं. आतून पोरगी मामा म्हणून हाक मारायलती, मग ती हाकबी थांबली.

काल मुंजाजी सुटला. मी स्टँडवर उभा होतो. त्यानं पाहिलं आन् जवळून निघून गेला.

कुठं जायचं ठरलं न्हाई. पेडगावला येणार न्हाई, मामीपुढं उभं राहवणार न्हाई. तुमी मात्र येलदरीला या, ताई तुमाला दार उघडील. शेवटी माया असू द्या म्हणून लिहायची आपली रीत. माझ्या वाटची असेल तेवढी त्या दोन पोरींवर ठेवा.

धम्मदीप