वखारीतलं लोखंड

दादर,
१४ मार्च २००४

ती. अण्णांस,
सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. आईचा गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. माझं जेवणखाण वेळेवर चालू आहे, असं तिला सांगा. अर्धं खोटं आहे, पण सांगा.

तुम्ही विचारलंत, एवढ्याशा लोखंडात आठ वर्षं काय शोधतेस? लोहचुंबकाचा तुकडा केला तरी तो चुंबकच राहतो. पण केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर तेवढासा कण आपली दिशा विसरतो. नुसत्या खोलीतल्या उबेने त्याचं तोंड फिरतं. शेजारी तसेच कण दाटीने बसवले की मात्र टिकतो. किती दाटीने, हे मी मोजते. अजून पुरतं कळलेलं नाही, म्हणून तर मजा येते.

परवा लोअर परळला आपल्या जुन्या चाळीत गेले होते. बाबुरावकाका भेटले. आता डोळ्यांनी दिसत नाही त्यांना. आवाजावरून ओळखलं आणि आधी तुमचंच विचारलं, "रामजी कसा आहे?"

अण्णा, एकवीस वर्षं तुम्ही त्यांचं नाव काढू दिलं नाहीत. संपात तुम्ही गुपचूप गिरणीत जाता, हे त्यांनीच फोडलं असं धरून बसलात. त्यांच्या दारात ते फुटलं, हे खरं. पण फोडलं मी.

घरी तुम्ही सांगितलं होतं, माहीमला लाकडाच्या वखारीत काम लागलंय. एका दुपारी तुम्हीच दिलेला लोहचुंबक तुमच्या शर्टावरून फिरवला, तर त्याला लोखंडाचा कीस चिकटला. गिरणीच्या फिटर खात्यात तुम्ही कानशीने घासताना उडायचा तो. मला केवढं नवल वाटलं! तशीच काकांच्या दारात धावले. तिथे संपाच्या कमिटीची माणसं बसली होती. चुंबक काकांच्या हातात देऊन सगळ्यांसमोर विचारलं, "काका, लाकडाच्या वखारीत लोखंड कुठून येतं?"

काकांनी चुंबक धोतराला पुसून माझ्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवसापासून चाळ आपल्याशी बोलेनाशी झाली, महिन्याभरात आपण गावी गेलो. काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं. फार लाज वाटते, अण्णा.

परवा काकांना विचारलं, तुम्ही अण्णांना खरं का सांगितलं नाहीत? म्हणाले, "नऊ वर्षांची पोर तू. त्याचा राग माझ्यावर निघाला, बरं झालं. तुझ्यावर निघाला असता, तर पुन्हा कुणाला काय विचारलं असतंस का?"

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. तुम्ही या. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण त्यांच्या दारात येऊन रागवा.

उत्तर ठाऊक असून इतकी वर्षं गप्प बसलेली, तुमचीच,
पद्मजा